टीव्ही बॉक्सचा सर्व्हर रॅम भरली की कोसळतो. एसएररवर जाणकारांनी प्रकाश टाकावा

वाघोटन (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात (विजयदुर्गच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला) एका जुन्या टीव्ही बॉक्सवर लिनक्स टाकून छोटा सर्व्हर चालवतोय. चिप ॲमलॉजिक एस९०५एक्स, रॅम २ जीबी, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१०, एसडी कार्डावरून बूट. कीविक्सवर मराठी विकिपीडिया ठेवलाय, पोरं मोबाईलवरून वायफायने वाचतात. नेट असो नसो, ते काम बिनबोभाट चालतं.

आता वाचनालयाची जुनी देवघेव रजिस्टरं आणि सभांची इतिवृत्तं स्कॅन करून टेसरॅक्टने त्यातला मजकूर काढायला घेतलाय. हे काम सुरू झालं की डबा मरतो. कधी पाच पानांत, कधी शंभर पानं खाऊन. सिरियल केबल लावून शेवटच्या ओळी पकडल्यात, फोटो जोडलाय. सगळ्यात खाली दर वेळी तेच असतं, 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: असिंक्रोनस एसएरर इंटरप्ट'. पण वर प्रोसेसचं नाव दर वेळी वेगळं. एकदा टेसरॅक्ट, एकदा एसएसएचडी, एकदा तर कर्नलचाच केस्वॅपडी.

ॲडॉप्टर बदलून झाला. कार्ड बदललं. वर हीटसिंक चिकटवला, तापमान साठच्या आत आहे. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टरला ८०० एमबी दिले तर निर्मळ पास. १५०० दिले की मधेच डबा गार, एकही चूक न दाखवता. रॅमची चिपच गेली म्हणायची का? इथून दुरुस्तीला न्यायचं म्हणजे कणकवली नाहीतर रत्नागिरी, आणि तिकडेही 'नवीन घ्या' हेच ऐकायला मिळणार.

---

गजालीवाला
रविवार, रात्री ९.३२

अरे झिला, तुझ्या डब्याक खारो वारो लागलो असतलो. आमच्या वेंगुर्ल्यात दोन पावसाळ्यात मिक्सर गंजता, तुझो टीव्ही बॉक्स काय घेऊन बसलंस! उघडून बघ, आत हिरवा बुरसा दिसता काय.

---

वाघोटन
रविवार, रात्री ९.४०

उघडून पाहिला हो. पॉवरच्या पिनेला थोडं हिरवं होतं, ते साफ केलं. फरक शून्य.

---

जुनापेंटियम
रविवार, रात्री १०.०५

रॅमच खराब आहे, यात शंका नको. कमी मेमरी टेस्ट पास आणि जास्त फेल, म्हणजे वरच्या पत्त्यांत कुठेतरी डाग आहे. माझ्या डेस्कटॉपवर असंच झालं होतं. ग्रबमध्ये (पीसीच्या बूटलोडरमध्ये) मेममॅप पॅरामीटर देऊन, डॉलर चिन्ह लावून तेवढा पट्टा वगळला, अजून मशीन चालू आहे. (ग्रबमध्ये डॉलरच्या आधी बॅकस्लॅश द्यायला विसरू नका, नाहीतर तो गिळून टाकतो.)

---

मुचकुंदी
रविवार, रात्री ११.२०

रॅमवर इतक्यात खापर फोडू नका.

चिप खराब असली की वाचलेली किंमत चुकीची येते. मेमटेस्टर तेवढ्यासाठीच आहे. तो फेल्युअर म्हणून ओळ छापतो, पत्ता सांगतो आणि सहसा पुढे चालू राहतो. तुमच्याकडे तो काही न बोलता अख्ख्या मशीनसकट गेला. शिवाय पॅनिकमध्ये एसएरर आहे. म्हणजे प्रोसेसरने बसवर काहीतरी मागितलं आणि समोरून 'नाही' आलं. रॅम म्हातारी झाली म्हणून असं होत नाही.

@जुनापेंटियम: मेममॅप हे प्रकरण एक्स८६ चं, म्हणजे पीसीच्या प्रोसेसरचं. ६४ बिट आर्म कर्नलला तो पॅरामीटर कळतच नाही. तिथे फक्त 'मेम' चालतो, आणि त्याने एकूण मर्यादा घालता येते, मधला तुकडा कापता येत नाही.

वाघोटनराव, तीन गोष्टी टाका:
प्रॉक आयओमेम फाइलचा (कुठल्या पत्त्यावर काय आहे त्या यादीचा) मजकूर. सुडो लावून, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतील.
प्रॉक डिव्हाइस-ट्रीच्या आत रिझर्व्ह्ड-मेमरी नावाचं फोल्डर असतं, त्यात काय काय आहे.
आणि बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कुठला? बॉक्सबरोबर आलेलाच यू-बूट की तुम्ही मेनलाइन, म्हणजे मूळ मुक्त प्रकल्पातला, टाकलाय?

---

काडीलावू
रविवार, रात्री ११.२४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

वाघोटन
सोमवार, सकाळी ७.५०

ताई, लगेच दखल घेतलीत, आभार. रात्री लाईट नव्हती.

बूटलोडर बॉक्सचा मूळचाच आहे, त्याला हात लावलेला नाही. सिरियलवर सुरुवातीला 'लोड बीएल३०', 'लोड बीएल३१', 'लोड बीएल३२', 'लोड बीएल३३' अशा ओळी पळतात.

रिझर्व्ह्ड-मेमरीत सापडलेलं: एचडब्ल्यूरॉम शून्यापासून, सेकमॉन दोन, एक हेक्स ५०००००० वर, दुसरा हेक्स १००००००० वर, आणि लिनक्स सीएमए.

आयओमेमचा फोटो जोडलाय. तिथे १६ एमबीपासून सिस्टिम रॅम सुरू होते. ८० ते ८३ एमबी रिझर्व्ह्ड. ८३ पासून थेट २५६ पर्यंत पुन्हा सिस्टिम रॅम. मग दोन एमबी रिझर्व्ह्ड, आणि पुढे शेवटपर्यंत बहुतेक रॅमच.

---

मुचकुंदी
सोमवार, दुपारी १.१५

सापडलं. सविस्तर लिहिते, कारण स्वस्त बॉक्सवर लिनक्स टाकणारा प्रत्येकजण कधी ना कधी या दगडाला ठेचकाळतो.

या चिपवर लिनक्सच्या आधी बरंच काही उठतं. बीएल३१ म्हणजे प्रोसेसरच्या सर्वात वरच्या अधिकारपातळीवर, ईएल३ वर, कायम बसून राहणारं फर्मवेअर. कोर चालू करणं, बंद करणं, रीसेट या गोष्टी लिनक्स स्वतः करत नाही. पीएससीआयच्या कॉलने बीएल३१ ला सांगतो आणि तो करतो. बीएल३२ म्हणजे ट्रस्टझोनच्या, प्रोसेसरमधल्या लिनक्सपासून वेगळ्या ठेवलेल्या, सुरक्षित बाजूला चालणारी वेगळी छोटी ओएस. टीव्ही बॉक्सवर ती असते ती मुख्यतः डीआरएमच्या (व्हिडिओच्या कॉपीबंदीच्या) किल्ल्या सांभाळायला. आणि बीएल३३ म्हणजे तुमचा यू-बूट. यू-बूटचं काम बूट झाल्यावर संपतं, तो गेला. बीएल३१ आणि बीएल३२ मात्र जात नाहीत, आणि त्यांचं घर तुमच्या त्याच २ जीबी रॅममध्ये आहे.

मग लिनक्सला कसं कळावं, की एवढा तुकडा आपला नाही? पीसीवर बायोसला विचारता येतं. ई८२० नावाचा नकाशा मिळतो, यूईएफआयचा स्वतःचा नकाशा असतो, त्यात 'राखीव' म्हणून पट्टे लिहिलेले असतात. या आर्म बॉक्सवर विचारायला कोणी नाही. कर्नलच्या हातात एकच कागद पडतो, तो म्हणजे डिव्हाइस ट्री. त्यात मेमरी नोडवर लिहिलेलं, की शून्यापासून २ जीबी रॅम आहे. रिझर्व्ह्ड-मेमरी नोडमध्ये लिहिलेलं, की त्यातला अमुक तुकडा सोडून द्या. दुसरी नोंद राहिली तर कर्नल पहिलीवर विश्वास ठेवतो आणि सगळी जमीन कसायला घेतो.

कोकणातल्या माणसाला हे एका ओळीत सांगता येतं. सातबाऱ्यावर क्षेत्र बरोबर आहे, पण इतर हक्कात कुळाची नोंदच नाही. कूळ मात्र जागेवर बसलेलं आहे, आणि हातात कोयता आहे.

आता तुमचे आकडे. या चिपकुटुंबाच्या मेनलाइन डिव्हाइस ट्रीत असं आहे: शून्यापासून १६ एमबी हार्डवेअर रॉमच्या फर्मवेअरसाठी. २५६ एमबीच्या टप्प्यावर २ एमबी बीएल३१ साठी. काही बॉक्सवर बीएल३१ तिथे नसून ८० एमबीच्या टप्प्यावर असतो, म्हणून तिथेही ३ एमबी. हे तिन्ही तुमच्याकडे आहेत. नाही ते चौथं. ८० अधिक ३, म्हणजे ८३ एमबीपासून पुढचे ३२ एमबी, बीएल३२ साठी. ही नोंद मेनलाइनमध्ये बरीच उशिरा, २०२२ च्या सुमारास आली. तुमची इमेज त्याआधीची आहे. तुमच्या सिरियल लॉगमध्ये 'लोड बीएल३२' दिसतंय, म्हणजे कूळ हजर आहे. आयओमेममध्ये ८३ पासून सलग सिस्टिम रॅम दिसतेय, म्हणजे कर्नलला त्याचा पत्ता नाही.

२०४८ एमबीपैकी ३२ म्हणजे जेमतेम दीड टक्का. कर्नल रॅम छोट्या तुकड्यांत वाटतो, त्यांना पानं म्हणतात. विकिपीडिया वाचायला देताना त्याला या ३२ एमबीतल्या पानांची गरज पडत नसेल, किंवा पडली तरी क्वचित. टेसरॅक्टने रॅम काठोकाठ भरली की यातलं पान कोणाच्या तरी वाट्याला येणारच.

आणि दर वेळी वेगळं नाव का, त्याचं उत्तर त्या पॅनिकच्या ओळीतच आहे, 'असिंक्रोनस'. प्रोसेसर मेमरीत लिहितो म्हणजे आधी कॅशमध्ये, त्याच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत लिहितो. ती ओळ प्रत्यक्ष रॅमकडे निघते नंतर, केव्हातरी, कॅशमध्ये जागा हवी झाली की. बीएल३२ च्या जागेवर हार्डवेअरचा पहारा बसवलेला असतो, तो तिला तेव्हा अडवतो. तोवर त्या कोरवर भलतीच प्रोसेस चालू असते. एरर तिच्या माथी लागते. तुमचा एसएसएचडी तिथे निव्वळ योगायोगाने उभा होता. त्यामुळे एसएररचा कॉल ट्रेस घेऊन त्या ड्रायव्हरमध्ये बग शोधत बसणं म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय, आणि नेटवर लोक तेच करत असतात.

उपाय संध्याकाळी लिहिते, आता मीटिंग आहे.

---

सुरंगी
सोमवार, दुपारी २.४०

वाचनखूण साठवली. मुचकुंदीताई, भाषा इतकी सोपी की माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्या बाईलाही समजलं. एक भाबडा प्रश्न. पहारा नसता तर? म्हणजे त्या भागात लिहू दिलं असतं तर?

---

मुचकुंदी
सोमवार, दुपारी २.५५

मीटिंगमध्ये बसून उत्तर देतेय. :)

प्रश्न भाबडा नाही, सगळ्यात वाईट प्रकार तोच. काही चिपवर किंवा काही फर्मवेअरमध्ये हा पहारा बसवलेलाच नसतो. मग कर्नल खुशाल फर्मवेअरच्या कोडवर टेसरॅक्टचं पान लिहून टाकतो. त्या क्षणी काहीच होत नाही. पुढे कधीतरी तुम्ही रीबूट म्हणता, लिनक्स बीएल३१ ला हाक मारतो, आणि तिथे कोडच्या जागी १९७४ सालच्या सभेचं इतिवृत्त असतं. मशीन तिथेच थिजतं. लोक म्हणतात, 'माझ्या बोर्डवर बाकी सगळं छान, फक्त रीबूट कधीकधी अडकतो.' अशा वेळी मी आधी राखीव पट्टे बघते. एसएरर आला तर देवाचे आभार माना.

---

काडीलावू
सोमवार, संध्या. ५.३०

आता आमची काडी. डिव्हाइस ट्री म्हणजे 'हार्डवेअरचं वर्णन' ना? तसं जिथेतिथे ठासून सांगतात. मग अमुक कंपनीचं फर्मवेअर कुठल्या पत्त्यावर बसलंय, हे हार्डवेअर कसं झालं? उद्या फर्मवेअर बदललं की वर्णन खोटं. सरळसरळ सॉफ्टवेअरची घाण हार्डवेअरच्या कागदात घुसवलीय. दिवे घ्या (हलकेच घ्या).

---

मुचकुंदी
सोमवार, रात्री ८.१०

दिवे घेतले. पण काडी योग्य जागी लागलीय.

ही कल्पना मूळची ओपन फर्मवेअरची, आयईईई १२७५, १९९४ सालची. तिथे ट्री फर्मवेअर स्वतः तयार करून ओएसच्या हातात द्यायचं. आपण कुठे बसलोय हे त्याला ठाऊकच असणार. आर्म लिनक्सच्या जगात ट्री कर्नलच्या सोर्सबरोबर लिहिलं, बांधलं आणि वाटलं जाऊ लागलं. म्हणजे ज्याचं घर आहे तो एकीकडे, आणि नोंद करणारा हजारो मैलांवर, बहुतेकदा दुसऱ्याच कोणाच्या बोर्डसमोर बसलेला. ८० एमबी आणि २५६ एमबी अशा दोन्ही जागा मेनलाइनमध्ये अडवून ठेवल्यात, त्याचं कारण हेच. कुठला बॉक्स कुठलं फर्मवेअर घेऊन येईल हे लिहिणाऱ्याला कळायला मार्ग नाही, मग दोन्ही सोडा.

माझं मत स्पष्ट आहे. राखीव पट्ट्याची नोंद जो तिथे राहतो त्याने करावी, बूटच्या वेळी. आणि हे शक्य आहे, काही ठिकाणी होतंही. याच ॲमलॉजिक चिपसाठी मेनलाइन यू-बूट चिपच्या रजिस्टरमधून बीएल३१ आणि बीएल३२ कुठे आणि केवढे आहेत ते वाचतो, आणि कर्नलला ट्री देण्याआधी त्यात नोंद घालतो. रिस्क-फाइव्हवर ओपनएसबीआय स्वतःचा पट्टा रिझर्व्ह्ड-मेमरीत स्वतःच लिहितो. रास्पबेरी पायचं फर्मवेअर जीपीयूचा हिस्सा बाजूला काढून उरलेल्या रॅमचे आकडे मेमरी नोडमध्ये भरतं. बॉक्सबरोबर आलेल्या यू-बूटने यातलं काही केलं नाही, म्हणून आपल्याला हाताने करावं लागतंय. कर्नलमधली कायमची नोंद ही तात्पुरती सोय आहे असंच मी धरते. कागद शुद्ध ठेवायच्या हट्टापायी ती काढून टाकाल तर लोकांची मशीनं पडतील.

तर आता उपाय. मोबाईलवरून लिहितेय, कोड चिकटवत नाही, शब्दांत सांगते.

डीबियनमध्ये डिव्हाइस-ट्री-कंपायलर नावाचं पॅकेज आहे, त्यात डीटीसी मिळेल. सध्या वापरात असलेली डीटीबी (बांधलेली डिव्हाइस ट्री) फाइल त्याने उलटी मजकुरात आणा. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. मजकुरात रिझर्व्ह्ड-मेमरीच्या कंसात दोन सेकमॉन दिसतील. ८० एमबीवाल्याची नक्कल करा. नावात ॲट-चिन्हानंतर ५३००००० लिहा. रेगमध्ये चार आकडे: शून्य, हेक्स ५३०००००, शून्य, हेक्स २००००००. नो-मॅप तसंच राहू द्या. नकलेत फँडल किंवा लेबल आलं असेल तर काढून टाका. परत डीटीबी बांधा, रीबूट करा.

चार आकडे का, तर इथे पत्त्याला दोन सेल (३२ बिटांचे आकडे) आणि आकाराला दोन सेल आहेत. दोनच लिहिले तर कर्नल ते रेग अवैध धरून तेवढा नोड सोडून देतो. लॉगमध्ये एक ओळ येते, ती कोणी वाचत नाही. ज्यांच्या ट्रीत रिझर्व्ह्ड-मेमरी नोड मुळातच नाही, त्यांनी तो नवा करताना आत रिकामी रेंजेस प्रॉपर्टी घालायची, आणि सेलची संख्या रूटशी जुळवायची. नाहीतर तो अख्ख्या नोडलाच रामराम ठोकतो.

---

तिसरी_भरती
सोमवार, रात्री ९.०२

एवढा खटाटोप कशाला? यू-बूटमध्ये एफडीटी कमांडला आरएसव्हीमेम ॲड म्हणून पत्ता आणि आकार द्यायचा, बूट स्क्रिप्टमध्ये एक ओळ. डीटीसी नको, काही नको. मी दापोलीला हवामान केंद्राच्या बोर्डवर हेच केलंय.

---

मुचकुंदी
सोमवार, रात्री ९.४५

चालेल, पण दोन्हीत फरक आहे, तो समजून घेऊन करा.

आरएसव्हीमेमने नोंद जाते ती डीटीबीच्या सुरुवातीच्या जुन्या तक्त्यात, मेमरिझर्व्हमध्ये. तिथे फक्त पत्ता आणि आकार. नाव नाही, गुणधर्म नाही. रिझर्व्ह्ड-मेमरी नोड त्यामानाने अलीकडचा, कर्नलला तो २०१४ मधल्या ३.१५ पासून समजतो.

तक्त्यातली नोंद वाचून कर्नल ती पानं कोणाला वाटत नाही. एवढं तर झालं. पण तो भाग त्याच्या नेहमीच्या नकाशात राहतो. म्हणजे कर्नलच्या आभासी पत्त्यांमध्ये त्या ३२ एमबीला पत्ता आहे, साधी कॅश होणारी मेमरी म्हणून. आता प्रोसेसरची खोड अशी, की सांगितलेलं नसताना तो पुढचं वाचून ठेवतो. प्रीफेच असेल, अंदाजाने केलेलं वाचन असेल. नकाशात पत्ता आहे ना, मग तो तिकडे हात घालू शकतो. एकाही प्रोग्रामने मागितलेलं नसताना पहाऱ्याशी गाठ पडू शकते.

नो-मॅपचं काम हे आहे. तो भाग नकाशातच चढवायचा नाही. पत्ताच नाही, तर अंदाजाने वाचणार काय? सुरक्षित बाजूच्या फर्मवेअरला म्हणून नो-मॅप हवाच. (इथे माझा सातबारा तोकडा पडतो. कुळाची नोंद केली म्हणून जमीन नकाशावरून नाहीशी होत नाही.)

तुमच्या बोर्डवर चाललंय, कारण त्या तुकड्याच्या शेजारी जाणारं वाचन क्वचित होत असेल, किंवा तिथे वाचायला बंदी नसेल. मी भरवसा ठेवणार नाही.

पाय वापरणाऱ्यांसाठी अवांतर. जुन्या पायच्या ट्रीत शून्यापासून ४ केबी मेमरिझर्व्हनेच राखलेले असतात, बाकीचे कोर जागे होण्याची वाट बघत तिथे घिरट्या घालतात म्हणून. तिथे ते पुरतं, कारण तिथे पहाराच नाही. वाचलं तर वाचलं.

---

जुनापेंटियम
सोमवार, रात्री १०.१५

रॅमबद्दलचे माझे शब्द मागे. पण एक हिशेब करा. १६, ३, ३२, २ मिळून ५३ एमबी गेले. शिवाय ते सीएमए की काय, त्याचेही २५६ एमबी दिसतात. २ जीबीच्या डब्यात तीनशे एमबीवर पाणी? वाचनालयाला व्हिडिओ बघायचा नाही, सीएमए उडवून टाका की.

---

मुचकुंदी
सोमवार, रात्री १०.३०

५३ गेले ते गेले. सीएमएचं तसं नाही. त्याच्यावर रीयूजेबल असं लिहिलेलं असतं. व्हिडिओ डिकोडरला सलग तुकडा हवा झाला की कर्नल तिथली पानं दुसरीकडे हलवतो आणि तुकडा रिकामा करून देतो. तोवर हलवता येतील अशी पानं तिथे मजेत राहतात, टेसरॅक्टचीही. एकाच पट्ट्यावर नो-मॅप आणि रीयूजेबल दोन्ही लिहिता येत नाहीत, उघड आहे.

हवं तर सीएमए कमी करा, त्याने कोणी मरणार नाही. पण 'रॅम वाढवा' म्हणून नेटवर जे सल्ले फिरतात, त्यात सेकमॉनचे नोडही काढून टाका म्हणतात. त्या नादी लागू नका.

---

गजालीवाला
सोमवार, रात्री १०.४१

माका यातला काय एक कळूक नाय, पण कुळाचा वाचून मजा इली. आमच्या आज्याचो दावो अजून चालू आसा.

---

वाघोटन
बुधवार, रात्री ८.२०

काल दिवसभर वाचनालय बंद होतं, त्यामुळे निवांत करता आलं.

मुचकुंदीताईंनी सांगितल्याप्रमाणे नोड घातला. आयओमेममध्ये आता ८० ते ११५ एमबी सलग सिस्टिम रॅममधून बाहेर. मेमटेस्टरला १५०० एमबी दिले, पूर्ण फेरी झाली, एक चूक नाही. मग आज टेसरॅक्टच्या चार प्रती एकदम सोडल्या, मुद्दाम. थोड्या वेळाने कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा) आला, त्याने एक टेसरॅक्ट उडवला, लॉगमध्ये नीट लिहून ठेवलं, आणि डबा चालूच. त्याच वेळी एक मुलगी वायफायवर सिंधुदुर्ग किल्ल्याचं पान वाचत होती, तिला कळलंसुद्धा नाही. मेमरी संपल्यावर असंच व्हायला हवं होतं ना? आजवर ती वेळ येण्याआधीच पॅनिक यायचं.

आता एका वेळी दोनच प्रती चालवतो, झेडरॅम (रॅममध्येच पानं दाबून ठेवणारी सोय) चालू केलंय. १९६० च्या दशकातली रजिस्टरं लागली आहेत. मोडी सह्या सोडून बाकी बरंच वाचतोय.

---

सुरंगी
बुधवार, रात्री ८.४५

वा! ती इतिवृत्तं कधी इथे टाका. आमच्या शाळेतही असाच एक डबा पडून आहे, पण त्याच्यावर एस९०५एक्स३ लिहिलंय. हाच नोड जसाच्या तसा चालेल का?

---

मुचकुंदी
बुधवार, रात्री ९.१०

जसाच्या तसा कुठेही चिकटवू नका, ही माझी सगळ्यांनाच विनंती. ॲमलॉजिकच्या त्या पिढीतही बीएल३२ साठी मेनलाइनने हीच जागा धरलीय, तेव्हा तुमचं बहुधा जमेल. नव्या कर्नलची इमेज टाका, त्यात नोंद असेलच. पण दुसऱ्या कंपनीची चिप असेल तर पत्ते पूर्ण वेगळे. तिथे हा नोड घातला तर चांगले ३२ एमबी फुकट जातील, आणि खरा पट्टा उघडाच राहील. आधी सिरियल लॉगमध्ये काय लोड होतंय ते बघा, मग त्या चिपचं मेनलाइन ट्री उघडून आयओमेमशी ताडा.

वाघोटनराव, तुमच्यासाठी एक राहिलं. बूटच्या सेटिंगमध्ये हाताने बांधलेल्या डीटीबीचं नाव लिहिलंय ना? मग उद्या कर्नल अपग्रेड केलात तरी तो जुनीच ट्री उचलेल. हे लक्षात ठेवा.

---

तिसरी_भरती
बुधवार, रात्री ९.३०

त्यापेक्षा ओव्हरले (ट्रीला वरून जोडायची छोटी पुरवणी) करून ठेवला तर? मूळ डीटीबीला हात नाही.

---

मुचकुंदी
बुधवार, रात्री ९.३८

चालेल, फक्त तो बूटलोडरने लावलेला हवा. कर्नल उठल्यावर लावलेल्या ओव्हरलेचा राखीव मेमरीला उपयोग नाही, तोवर वाटणी होऊन गेलेली असते. आणि नव्या कर्नलच्या ट्रीत हा नोड आधीच असेल, तेव्हा ओव्हरलेत दुसऱ्या नावाने तोच पट्टा आला की लॉगमध्ये 'ओव्हरलॅप डिटेक्टेड' दिसेल. मशीन चालतं, पण मग ओव्हरले काढून टाकायचा.

---

वाघोटन
शनिवार, दुपारी १२.०५

नवा कर्नल टाकला, सेटिंगमधलं माझ्या डीटीबीचं नाव काढलं. आयओमेमचा फोटो जोडलाय. ८० ते ११५ तसंच आहे, या वेळी हात न लावता. जुनी डीटीबी पेनड्राइव्हवर घेतली आणि कार्डावरून पुसली.

@सुरंगी, १९६३ च्या एका सभेत 'कंदिलाच्या रॉकेलचा खर्च जास्त होतो' यावर दोन पानं वाद झालाय. वेगळा धागा काढतो.